सौद्याच्या गाभ्याचा शोध घेणारा एजवर्थ

बाजारात भाव कसा ठरतो, या प्रश्नाचे उत्तर अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्षाला शिकवले जाते. मागणीची रेषा वरून खाली उतरते, पुरवठ्याची खालून वर चढते आणि दोघी जेथे एकमेकींना छेदतात तेथे भाव ठरतो. फळ्यावर हे चित्र काढायला अर्धा मिनिट पुरते. परंतु खरा ग्राहक आणि खरा विक्रेता समोरासमोर येतात तेव्हा त्यांच्यापुढे अशी कोणतीही रेषा नसते. असते ती केवळ घासाघीस. मग हजारो घासाघिशींतून एकच एक भाव कसा निघतो? आणि तो निघेलच, याची खात्री कशाच्या आधारावर द्यायची? हा प्रश्न १८८१ साली लंडनमधील एका छत्तीस वर्षांच्या, फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या बॅरिस्टराने विचारला. फ्रान्सिस इसिद्रो एजवर्थ हे त्याचे नाव. त्याने दिलेल्या उत्तराचे खरे मोल कळायला अर्थशास्त्राला पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लागला.

एजवर्थ यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८४५ रोजी आयर्लंडमधील लाँगफर्ड परगण्यात, एजवर्थस्टाउन या गावी झाला. गावाला घराण्याचेच नाव होते, यावरून या जमीनदार कुटुंबाचा रुबाब लक्षात यावा. आजोबा रिचर्ड लॉव्हेल एजवर्थ हे यंत्रांचे आणि शिक्षणशास्त्राचे वेड असलेले गृहस्थ. त्यांनी चार विवाह केले आणि त्यांना बावीस अपत्ये झाली. त्यांतील मारिया एजवर्थ या एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या अत्यंत लोकप्रिय कादंबरीकार. एक काका, मायकेल पाकनहॅम एजवर्थ, बंगालच्या सनदी सेवेत हिंदुस्थानात होते आणि नोकरी सांभाळून वनस्पतींचा अभ्यास करीत. हिमालयात आढळणाऱ्या आणि नेपाळमध्ये जिच्या सालीपासून कागद बनवतात त्या एजवर्थिया या झुडपाच्या नावात याच घराण्याची खूण आहे. आजीचे बंधू फ्रान्सिस ब्यूफर्ट म्हणजे वाऱ्याचा वेग मोजण्याच्या प्रसिद्ध मापनश्रेणीचे जनक. मोजमापाची हौस एजवर्थ यांच्या रक्तातच होती, असे म्हणायला हरकत नाही.

वडिलांची कथा तर एखाद्या कादंबरीत शोभावी अशी. तत्त्वज्ञान शिकण्यासाठी जर्मनीला निघालेले फ्रान्सिस ब्यूफर्ट एजवर्थ वाटेत लंडनला थांबले. तेथे ब्रिटिश म्युझियमच्या पायऱ्यांवर त्यांना रोझा फ्लोरेन्तिना एरोलेस ही स्पेनच्या कातालोनिया प्रांतातून परागंदा झालेल्या सेनानीची कोवळ्या वयाची कन्या भेटली आणि काही आठवड्यांतच दोघांचा विवाह झाला. इसिद्रो हा त्यांचा धाकटा मुलगा. नावात स्पॅनिश अंश आला तो आईकडून. मूळ क्रम इसिद्रो फ्रान्सिस असा होता, तो पुढे त्यांनी स्वतः उलटा केला. वडील १८४६ मध्येच वारले. मुलगा शाळेत गेला नाही. घरीच शिक्षकांच्या हाताखाली वाढला, ग्रीक आणि लॅटिन काव्यात रमला. युरोपातील चार भाषाही त्याने आत्मसात केल्या.

१८६२ मध्ये डब्लिनचे ट्रिनिटी कॉलेज, नंतर ऑक्सफर्ड आणि तेथे अभिजात वाङ्मयाच्या परीक्षेत प्रथम वर्ग, असा शिक्षणाचा प्रवास झाला. १८७७ मध्ये बॅरिस्टरीची सनद मिळाली, पण वकिली त्यांनी कधी केली नाही. याच काळात त्यांनी गणित मात्र स्वतःच्या बळावर, पुस्तकांतून शिकून घेतले. होमर मुखोद्गत असलेला एक तिशीतला तरुण कलनशास्त्राची उदाहरणे सोडवत बसला आहे, हे चित्र त्या काळातही विरळाच म्हणावे लागेल.

लंडनमधील हॅम्पस्टेड भागात ते राहत. तेथेच मानसशास्त्रज्ञ जेम्स सली यांच्यामुळे त्यांची ओळख विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांच्याशी झाली. उपयोगितेच्या गणितावर अर्थशास्त्र उभारणाऱ्या पहिल्या पिढीतील जेव्हन्स हे अग्रणी. १८८२ मध्ये समुद्रात पोहताना त्यांचा बुडून मृत्यू झाला, पण त्या अल्प सहवासाने एजवर्थ यांना विषय मिळाला होता. नीतिशास्त्राकडून ते अर्थशास्त्राकडे वळले आणि १८८१ मध्ये मॅथेमॅटिकल सायकिक्स, म्हणजे मनोव्यापारांचे गणित, हे जेमतेम दीडशे पानांचे पुस्तक प्रसिद्ध झाले.

पुस्तक चमत्कारिक आहे. एका पानावर समीकरणे, तर दुसऱ्यावर ग्रीक कवींचे दाखले. मध्येच पदार्थविज्ञानाशी तुलना, मध्येच परिशिष्टाकडे धाव. जेव्हन्स आणि आल्फ्रेड मार्शल या दोघांनीही त्याचे परीक्षण लिहिले. दोघांना लेखकाची प्रतिभा जाणवली, पण जेव्हन्स यांना त्याची शैली दुर्बोध वाटली, तर लेखक गणितामागे वाहवत जाईल की काय, अशी मार्शल यांना काळजी वाटली. त्यामुळे पुस्तकाच्या मध्यभागी दडलेला मुख्य मुद्दा बहुतेकांच्या नजरेतून निसटला. तो थोडा विस्ताराने पाहण्यासारखा आहे.

समजा, एकाकडे तांदूळ आहे आणि दुसऱ्याकडे कापड. दोघांनाही अदलाबदल हवी आहे. किती तांदळाला किती कापड? अमुक मर्यादेपलीकडे तांदूळवाला जाणार नाही आणि तमुक मर्यादेपलीकडे कापडवाला. या दोन टोकांच्या दरम्यान असे अनेक सौदे असतात की ज्यांत एकाचे नुकसान केल्याशिवाय दुसऱ्याचे भले होऊ शकत नाही. अशा सौद्यांना जोडणाऱ्या रेषेला एजवर्थ यांनी करारवक्र म्हटले. त्या वक्रावरील नेमका कोणता बिंदू निवडला जाईल, हे अर्थशास्त्र सांगू शकत नाही. ज्याची जीभ चालेल, ज्याला थांबायला सवड असेल, त्याचे साधेल.

आता तसाच आणखी एक तांदूळवाला आणि तसाच आणखी एक कापडवाला बाजारात आला असे मानू. दोन्ही कापडवाल्यांनी भाव इतका ताणला आहे की सौदा केला काय आणि न केला काय, तांदूळवाल्यांना सारखेच. दोघेच समोरासमोर असताना असा सौदा टिकू शकला असता. चौघांत तो टिकत नाही. कारण दोन्ही तांदूळवाले मिळून एकाच कापडवाल्याला गाठू शकतात. पूर्वी त्याला एक जण जेवढा तांदूळ देत होता तेवढाच आता दोघे निम्मा निम्मा देतील आणि त्याचे कापडही निम्मे निम्मे वाटून घेतील. कापडवाल्याचे काही बिघडत नाही. तांदूळवाल्यांचे मात्र साधते; कारण अंगावर घालायच्या पहिल्या कापडाची किंमत शेवटच्या कापडापेक्षा जास्त असते आणि कोठीतून दिलेली पहिली पोती शेवटच्या पोत्यांइतकी जड जात नाहीत. अर्धा व्यवहार त्यांना पूर्ण व्यवहारापेक्षाही आणि अजिबात व्यवहार न करण्यापेक्षाही फायद्याचा ठरतो. त्या फायद्यातील थोडा वाटा कापडवाल्याला दिला की तिघेही खूश. चौथा बाहेर राहतो आणि जुना सौदा मोडतो. या मोडून पुन्हा जुळवण्यालाच एजवर्थ यांनी फेरकराराचे नाव दिले.

दोनाच्या तीन जोड्या झाल्या, तिनाच्या दहा झाल्या, तर असे गट बांधण्याचे मार्ग वाढतात आणि करारवक्राची दोन्ही टोके अधिकाधिक कुरतडली जातात. संख्या अमर्याद वाढली की शेवटी उरतो तो केवळ स्पर्धेच्या भावाने होणारा सौदा. मागणी आणि पुरवठा यांच्या रेषा छेदतात तोच. म्हणजे बाजारभाव हा निसर्गनियम नव्हे. कोणीही कोणाशीही हातमिळवणी करून बाहेर पडू शकतो, या शक्यतेतून तो जन्माला येतो. फ्रान्सचे लिऑन वालरा यांनी १८७४ पासून मांडलेल्या समतोलाच्या सिद्धान्तात भाव जणू कोणी पुकारतो आणि सगळे तो मान्य करतात. असा समतोल असतो हे वालरा सांगतात, पण तेथवर पोहोचण्याची वाट दाखवत नाहीत, असा आक्षेप एजवर्थ यांनी १८८९ मध्ये नेचर नियतकालिकात घेतला.

या सिद्धान्ताची उलटी बाजू अधिक बोचरी आहे आणि आमच्या मते तीच पुस्तकाचे खरे मर्म. संख्या थोडी असेल, किंवा मोठी संख्या एकत्र येऊन एकाच तोंडाने बोलू लागली, तर भाव अनिश्चितच राहतो. कामगार संघटना आणि मालक यांचे नेमके हेच होते. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ कित्येक दशके असे मानत आले होते की मजुरीसाठी देशात ठरावीक निधी असतो आणि संघटना करून कामगारांच्या हाती एकंदरीत काही लागत नाही. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८६९ मध्ये या मताचा त्याग केला, पण त्याचा पगडा पुरता गेला नव्हता. एजवर्थ यांचे गणित सांगत होते की संघटित झाल्याने कामगारांना लाभ होऊ शकतो आणि या बाबतीत अशिक्षित कामगाराची समज विद्वानांच्या शास्त्रापेक्षा सरळ निघाली. जमीनदाराच्या घरात जन्मलेल्या, प्रवृत्तीने सनातनी असलेल्या माणसाने हे लिहावे, याला महत्त्व आहे. त्याच वर्षी, १८८१ मध्ये, ग्लॅडस्टन सरकारने आयर्लंडसाठी जमीन कायदा करून कुळांचा वाजवी खंड ठरवण्याचे अधिकार न्यायालयांना आणि आयोगाला दिले. बाजार जेथे उत्तर देत नाही तेथे ते कोणीतरी द्यावेच लागते, हे आयरिश कुळांना कोणी गणिताने समजावण्याची गरज नव्हती.

एजवर्थ यांचे स्वतःचे उत्तर होते लवाद. भांडण अनिश्चित असेल तर दोन्ही पक्षांनी असा निवाडा मान्य करावा, की ज्याने दोघांच्या सुखाची बेरीज जास्तीत जास्त होईल. ऐकायला हे रास्त वाटते. पण सुख मोजायचे कसे आणि कोणाला ते किती घेता येते, हे ठरवायचे कोणी? येथे मात्र त्यांचा पाय त्यांच्या वर्गाच्या आणि काळाच्या चिखलात रुतला. सुख भोगण्याची क्षमता सर्वांत सारखी नसते. उच्चकुलीनांत ती अधिक आणि पुरुषांत स्त्रियांपेक्षा अधिक, असे त्यांनी त्याच पुस्तकात मांडले. त्यासाठी कोणताही पुरावा त्यांच्याजवळ नव्हता. मोजमापाची एवढी आस असलेल्या माणसाने न मोजलेल्या गोष्टीवर इतका मोठा निष्कर्ष उभारावा, हे आजच्या वाचकाला खटकल्याशिवाय राहणार नाही. पुढे १८९७ मध्ये करांविषयी लिहिताना त्याच सुखाच्या बेरजेने त्यांना भलतीकडे नेले. समाजाचा एकूण त्याग कमीत कमी व्हायचा असेल तर कराचा बोजा आधी श्रीमंतांवरच पडला पाहिजे, असे तर्क सांगू लागला. अर्थात त्याला त्यांनी नाना सावधगिरीच्या अटी जोडल्या. १९२२ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या अर्थशास्त्र विभागाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी भाषणासाठी विषय निवडला तो समान कामासाठी स्त्री-पुरुषांना समान वेतन हा.

नोकरी त्यांना उशिरा लाभली. लंडनच्या किंग्ज कॉलेजात तर्कशास्त्राचे अध्यापन, मग १८८८ मध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापकपद आणि १८९१ मध्ये ऑक्सफर्डचे मानाचे ड्रमंड प्राध्यापकपद. तेथे ते १९२२ पर्यंत होते. त्याच १८९१ मध्ये नव्याने निघालेल्या इकॉनॉमिक जर्नलचे ते पहिले संपादक झाले. वीस वर्षे एकट्याने सांभाळलेली ही धुरा १९११ मध्ये त्यांनी अठ्ठावीस वर्षांच्या जॉन मेनार्ड केन्स यांच्याकडे सोपवली आणि उतारवयात त्याच केन्स यांचे सहसंपादक म्हणून पुन्हा काम केले.

त्यांच्या राहणीच्या कथा केन्स यांनी लिहिलेल्या मृत्युलेखामुळे सर्वांना ठाऊक झाल्या. हॅम्पस्टेडमध्ये जवळजवळ रिकाम्या अशा दोन खोल्या आणि ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजातील निवास, एवढाच त्यांचा संसार. लग्न केले नाही. वस्तू जमवण्याचा तिटकारा इतका, की स्वतःची पुस्तकेही फारशी नव्हती. वाचायचे ते सार्वजनिक ग्रंथालयात. उपयोगितेवर जन्मभर लिहिणाऱ्या या माणसाला स्वतःला फारच थोड्या वस्तूंचा उपयोग होता! १९११ मध्ये एजवर्थस्टाउनची वडिलोपार्जित मालमत्ता त्यांच्याकडे आली, कारण पुरुषवंशातले तेच उरले होते. त्यानेही त्यांची राहणी बदलली नाही. बोलणे अतिशय विनम्र, पण शब्द असे लॅटिन वळणाचे आणि जडजंबाल, की ऑक्सफर्डमध्ये त्यांच्या साध्या चौकशांचेही किस्से होत.

संख्याशास्त्राला त्यांनी दिलेले योगदान हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. व्हर्जिलच्या काव्यातील गण मोजून, घराजवळच्या गांधीलमाश्यांची पोळ्यातून होणारी ये-जा टिपून ते संभाव्यतेचे नियम पडताळून पाहत. १८८८ आणि १८९० मध्ये त्यांनी परीक्षांतील गुणांवर निबंध लिहिले. एकाच उत्तरपत्रिकेला वेगवेगळे परीक्षक वेगवेगळे गुण देतात, त्यामुळे स्पर्धा परीक्षेच्या यादीत सीमारेषेजवळच्या उमेदवारांचे यशापयश बऱ्याच अंशी नशिबावर असते, हे त्यांनी आकडेमोडीने दाखवले. अर्ध्या-एका टक्क्याने प्रवेश हुकणाऱ्या आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना आणि पालकांना हे निबंध वाचायला द्यावेत असे आहेत. १९१२ ते १९१४ या काळात ते रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीचे अध्यक्ष होते.

तर्क जेथे नेईल तेथे जायचे, मग लोक हसले तरी चालेल, हा त्यांचा बाणा होता. १८९७ मध्ये त्यांनी लिहिले, की मक्तेदार रेल्वे कंपनीच्या पहिल्या वर्गाच्या तिकिटावर कर बसवला तर विशिष्ट परिस्थितीत पहिल्या आणि तिसऱ्या, दोन्ही वर्गांचे भाडे उतरू शकते. कर वाढवा आणि भाडे कमी करा! अमेरिकेच्या सेलिग्मन यांच्यासारख्या मोठ्या करतज्ज्ञाने या गणिताची टर उडवली. १९३२ मध्ये हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी संपूर्ण सिद्धता देऊन एजवर्थ बरोबर असल्याचे दाखवले. ते पाहायला एजवर्थ नव्हते. विखुरलेले अर्थशास्त्रीय लेख तीन खंडांत एकत्र झालेले १९२५ मध्ये त्यांना पाहता आले. १३ फेब्रुवारी १९२६ रोजी त्यांचे ऑक्सफर्डमध्ये निधन झाले. नियतकालिकाच्या कामासंबंधी त्यांनी लिहिलेले शेवटचे पत्र केन्स यांच्या हाती पडले ते मृत्यूची बातमी कळल्यानंतर.

फेरकराराची कल्पना त्यानंतरही बराच काळ पडून होती. १९४४ मध्ये जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांचा गेम थिअरीवरील ग्रंथ आला. त्यात गट बांधणाऱ्या खेळाडूंचे, म्हणजे सहकारी खेळांचे, शास्त्र होते. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी प्रिन्स्टनमध्ये डोनाल्ड गिलीस आणि लॉइड शॅप्ले यांनी अशा खेळाच्या गाभ्याची कल्पना पुढे आणली. ज्या वाटणीतून फुटून निघण्यात कोणत्याही गटाचा फायदा नाही, अशा वाटण्यांचा समूह म्हणजे गाभा. हे तर एजवर्थ यांच्या टिकाऊ सौद्यांचेच दुसरे नाव, हे मार्टिन शुबिक यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले. १९६३ मध्ये जेरार द्ब्र्यू आणि हर्बर्ट स्कार्फ यांनी सिद्ध केले, की माणसे आणि वस्तू कितीही प्रकारच्या असल्या तरी सर्व प्रकारच्या माणसांची संख्या सारख्या प्रमाणात वाढवत नेली की गाभा आकसत शेवटी स्पर्धात्मक समतोलच उरतो. १९६४ मध्ये रॉबर्ट औमन यांनी अगणित व्यापाऱ्यांचा, ज्यात कोणा एकाचे वजन शून्यवत आहे असा बाजार कल्पिला; तेथे गाभा आणि समतोल तंतोतंत एक निघाले. १९६९ मध्ये शॅप्ले आणि शुबिक यांनी उलट्या दिशेने विचारले, की कोणते सहकारी खेळ बाजारातून निर्माण होऊ शकतात? पैशाने परस्परांची भरपाई करता येत असेल तर, ज्यांतील प्रत्येक उपगटाच्या खेळालाही गाभा असतो तेच, असे उत्तर आले. द्ब्र्यू यांना १९८३, औमन यांना २००५ आणि शॅप्ले यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

औमन यांच्या बाजारात एखादा बडा व्यापारी किंवा एकजूट झालेला गट आणून बसवला, की गाभा समतोलापर्यंत आकसेलच याची खात्री राहत नाही. १८८१ मध्ये कामगार संघटनांविषयी जे म्हटले होते ते गणिताच्या नव्या भाषेत पुन्हा समोर आले. पदवीच्या पाठ्यपुस्तकांत हा भाग क्वचितच येतो. तेथे एजवर्थ भेटतात ते एजवर्थ बॉक्स नावाच्या चौकोनी आकृतीत. ती आकृती त्या स्वरूपात त्यांनी काढलेलीच नाही. तिचे श्रेय इटलीच्या विल्फ्रेदो पारेतो यांच्या १९०६ मधील ग्रंथाकडे जाते. एजवर्थ यांच्या मूळ आकृतीला चौकट नाही. तिच्यात निर्जन बेटावरचे रॉबिन्सन क्रूसो आणि फ्रायडे आहेत, एक मजुरी देणारा आणि दुसरा श्रम विकणारा.